रजिस्टरातला दादा

११ जानेवारी

प्रिय दादा,

हे असं लिहिताना माझाच हात मला कानफटवायला उठतोय. पण करू काय? मागचं पत्र ‘प्रिय ताई’ म्हणून लिहिलं होतं, ते परत आलं. पाकिटावर निळा शिक्का : ‘या नावाची महिला बंदी येथे नाही.’ मी तुरुंगात फोन लावला. चार ठिकाणी फिरवून शेवटी पत्रं वाचणारा साहेब आला. म्हणाला, “हा पुरुषांचा तुरुंग आहे, इथे कुणाची ताई नसते.” मी म्हटलं, “माझी आहे. शिलाईच्या शेडमध्ये बसते, जाऊन बघा.” तर म्हणतो, “रजिस्टरात आहे तसं लिही. नाहीतर दर वेळी परत पाठवीन. मला कंटाळा यायचा नाही.”

ते पाकीट मी शिक्क्यासकट फाडलं, तुकडे बुटाने रगडले. मुकादमाने विचारलं काय झालं, तर त्याच्याही अंगावर गेलो. मग थंड झाल्यावर वाटलं, तुझ्यापर्यंत पोचायला एवढं एकच दार असेल तर वाकून आत शिरावं. तेव्हा दादा तर दादा. तू बाहेर आलीस की एकेका दादाचा हिशेब माझ्या पाठीत चुकता कर.

मी आता धुलाईच्या कारखान्यात आहे. बर्फाच्या गोदामातलं काम सोडलं. हो, परत सोडलं, ओरडू नकोस. इथे मोठमोठ्या हॉटेलांच्या चादरी येतात. ओल्या चादरीची दोन टोकं दोघांनी धरायची आणि तापलेल्या रोलरमध्ये सारायची. बोटं वेळेवर सोडली नाहीत तर तीही इस्त्री होऊन निघतील. इस्त्रीवरून आठवलं. त्या दुकानमालकाने तुझं टेलरिंगचं दुकान फोडून मशिनं रस्त्यावर टाकली, आणि तू त्याच्या डोक्यात तापलेली इस्त्री घातलीस, ते चुकलंच तुझं. इस्त्री चांगली होती.

तुझ्या गोळ्यांचं काय? ऑपरेशननंतर त्या जन्मभर घ्यायच्या, चुकवायच्या नाहीत, असं डॉक्टरने माझ्यासमोर सांगितलं होतं. मिळतात ना आत?

पत्र वाचणारे साहेब, तुम्हालाही नमस्कार. या वेळी तक्रारीला जागा ठेवली नाही.

तुझा,
बारक्या


२ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

पत्र मिळालं. वरचे दोन शब्द वाचून आधी वाटलं, दुसऱ्या कुणाचं माझ्या हाती दिलं. मग तुझं कोंबडीच्या पायाचं अक्षर दिसलं.

लिही जसं लिहायचं तसं. येऊ दे पत्रं, बाकीचं नंतर बघू.

इथे ठीक आहे. मला वेगळ्या कोठडीत ठेवलंय, माझ्याच भल्यासाठी असं म्हणतात. दिवसा शेडमध्ये बंद्यांचे सदरे शिवते. एकाच मापाचे शिवायचे, मग माणूस बारीक असो की आडवा. लेडीज टेलरला याहून मोठी शिक्षा नाही. शेजारच्या कोठडीत माझ्यासारखीच एक आहे, वयाने बरीच मोठी. पूर्वी शाळेत शिकवायची. आम्ही सगळे मास्तरीणबाई म्हणतो. ती भिंतीपलीकडून माझ्या बोलण्यातल्या चुका काढते, त्यामुळे वेळ जातो.

गोळ्यांचं चाललंय त्यांचं. तू काळजी करू नकोस. आईला फोन करतोस का? माझं काही विचारते का? नसेल विचारत तर तसं लिहू नकोस.

ते काम तरी टिकव. आणि बोटं सांभाळ.

तुझी मोठी


२५ फेब्रुवारी

माझ्या लाडक्या दादा,

तुझं पत्र वाचून जीव भांड्यात पडला. गोळ्या चालू आहेत हे बरं झालं. मी उगाच रात्रंदिवस डोकं तापवत होतो.

मला आता युक्ती कळलीय. मागचं पत्र लगेच पोचलं ना? म्हणजे साहेबाला दादा आवडतो. मग पोटभर देऊ की. दादा, तू आपल्या घरातला वाघ आहेस. दादा, तुझ्यासारखा मर्द गडी आपल्या सात पिढ्यांत झाला नाही. लहानपणापासून मी तुलाच बघत आलो, की माणसाने मोठं व्हावं तर माझ्या भावासारखं. साहेब, बरोबर लिहितोय ना? कमी पडलं तर सांगा, मिश्याही लावतो.

हसलीस का? इथला माझा जोडीदार तर पत्र ऐकून चादर सोडायची विसरला. रोलरमध्ये अशी गुंडाळली गेली की पूर्ण लाईन बंद. मुकादम म्हणाला, “तुझा भाऊ आत आहे, तू पण आत जाशील.” मी म्हटलं, भाऊ नाही, बहीण. तो म्हणाला, मग पत्रात दादा कसं? आता याला कुठून सांगू?

आईला केला होता फोन. तिने विचारलं तुझं. बाबा खोलीत होते म्हणून हळू विचारलं, पण विचारलं.

तुझा लहान भाऊ


२० मार्च
(वकीलबाईंच्या हाती)

बारक्या,

हे पत्र साहेबाच्या टेबलावरून येत नाहीये, म्हणून खरं लिहिते. आणि डाव्या हाताने लिहिते, म्हणून अक्षर आज तुझ्यासारखं आहे.

गोळ्या मला आत आल्यापासून एकही मिळालेली नाही. पहिल्याच दिवशी झडतीत काढून घेतल्या. तुरुंगाच्या डॉक्टरसमोर उभी राहिले तर तो मान वर न करता म्हणाला, “ह्या बायकांच्या गोळ्या. पुरुष बंद्याच्या नावावर कशा लिहू?” मी म्हटलं, माझ्या शरीरात आता हार्मोन तयारच होत नाही, ना पुरुषाचं ना बाईचं, गोळीशिवाय हाडं झिजतात. तो म्हणाला, “मग बाई असल्याचा कागद आण.” कागदासाठी अर्ज मी दुकान असतानाच केला होता. तो ज्या कचेरीत पडलाय तिथले म्हणतात, अर्जदार तुरुंगात आहे, तिथून अहवाल येऊ दे. तुरुंगवाले म्हणतात, आधी कागद येऊ दे. दोघं एकमेकांना पुढे व्हा, पुढे व्हा म्हणतायत आणि मी मध्ये उभी.

भिंतीच्या पलीकडे बायकांचा विभाग आहे. दर आठवड्याला तिथे बायकांची डॉक्टर येते. तिच्या गाडीचा आवाज मला ऐकू येतो. त्या गाडीत माझी गोळी असते, बारक्या. माझ्यासाठी नसते एवढंच.

अंगातून वाफा निघतात. भर थंडीत सदरा पिळून काढावा इतका घाम, आणि लगेच हुडहुडी. मागच्या महिन्यात कापडाचा तागा उचलताना उजवं मनगट मोडलं. पडले नाही, आपटले नाही, नुसता तागा उचलला. तो मी पूर्वी एका हाताने उचलायची. त्यांनी लिहून ठेवलं, ‘बंद्याच्या निष्काळजीपणामुळे दुखापत.’ अंघोळीला पुरुषांच्या हौदावर नेतात. तिथलं लिहीत नाही. मी अंघोळ करणं कमी केलंय, एवढ्यावरून समज.

तुला खोटं लिहिलं, कारण तो वाचतो, आणि तक्रार लिहिली की शेड बंद करतो. शेड बंद म्हणजे दिवसभर कोठडी.

आता वकीलबाईंनी कोर्टात अर्ज लावलाय. मला बाई म्हणून मान्य करा, पलीकडे हलवा, औषध द्या. त्या म्हणतात, कायद्यात चोख लिहिलंय, माणूस स्वतःबद्दल सांगेल ते ग्राह्य. तेव्हा मी सांगणार आहे. छान ठणकावून सांगणार आहे.

तुझी ताई


१८ एप्रिल

नमस्कार,

मी तुमच्या बहिणीची वकील. सरळ मुद्द्यावर येते.

काल सुनावणी झाली. तुमच्या बहिणीने स्वतःबद्दल अतिशय स्पष्ट सांगितलं. त्यानंतर सरकारी वकिलांनी तुरुंगाने तुमच्या पत्रांतून वेचून दिलेल्या तेवढ्याच ओळी न्यायाधीशांपुढे ठेवल्या आणि मोठ्याने वाचल्या. ‘लाडक्या दादा’, ‘घरातला वाघ’, ‘मर्द गडी’. मग म्हणाले, “सख्खा भाऊ, ज्याने जन्मापासून पाहिलंय, तो काय म्हणतो बघा. बंद्याला केवळ पलीकडच्या विभागात जाण्याची सोय हवी आहे.” न्यायाधीशांनी निर्णय पुढे ढकलला.

मूळ पत्रं तुरुंगाने झडतीत काढून घेतली आहेत. बहिणीने मला सांगितलं की तुमचं ‘ताई’ लिहिलेलं पत्र तुरुंगाने परत पाठवलं होतं. ते शिक्क्याचं पाकीट तुमच्याकडे असेल तर ताबडतोब पाठवा. नसेल तर तुम्हाला तिथूनच व्हिडिओच्या पडद्यावरून साक्ष द्यावी लागेल.

त्यांच्या मनगटाच्या तपासणीचा अहवाल मी स्वतंत्रपणे मिळवला आहे. हाडं साठीच्या माणसासारखी झाली आहेत. त्यांचं वय तुम्हाला ठाऊक आहे.


२४ एप्रिल

वकीलबाईंना नमस्कार,

पाकीट नाही. फाडलं मी. मला कुठे माहीत होतं की अपमान जपून ठेवायचा असतो, तो पुढे कामाला येतो!

बाई, मी पाचवीत शाळा सोडली, मला तुमच्यासारखं मांडता येत नाही. पण मला एक सांगा. त्या माणसाने मला फोनवर सांगितलं, दादा लिही. मी लिहिलं. तोच माणूस आता ते पत्र उचलून कोर्टात नेतो, आणि म्हणतो बघा दादा लिहिलंय! म्हणजे आधी माझ्या तोंडात बोळा कोंबायचा, आणि मग म्हणायचं, बघा, हा काहीच बोलत नाही. याला तुमच्या कायद्यात काय म्हणतात? आमच्या कारखान्यात याला जे म्हणतात ते मी तुम्हाला लिहू शकत नाही, तुम्ही बाईमाणूस आहात.

आणि मी गाढव. एकदा लिहून थांबलो असतो तर निभावलं असतं. मी वाघ काय, मिश्या काय. मला वाटलं मी त्या साहेबाची टिंगल करतोय. तो जपून ठेवत होता.

साक्ष देतो. कधी ते कळवा. मुकादम सुट्टी देणार नाही, पण ते मी बघतो.


१४ मे
(वकीलबाईंच्या हाती)

ताई,

ताई, ताई, ताई. आता कोण परत पाठवतो बघू.

साक्ष दिली. वकीलबाईंनी तुला सांगितलंच असेल, पण माझ्याकडून ऐक. मी सकाळी मुकादमाला म्हटलं, दोन तास जाऊन येतो. तो म्हणाला, “जा, पण परत येऊ नकोस.” मी हातातली चादर तशीच सोडली आणि गेलो. आता बंदरावर पोती उतरवतोय. नंतर शिव्या दे.

इथल्या कायदेशीर मदत केंद्रात एक खोली आहे, टेबल, पंखा, भिंतीवर पडदा. पडद्यात कोर्ट. तू कोपऱ्यात दिसत होतीस, एवढीशी. किती वाळलीयेस गं.

सरकारी वकील म्हणाला, “हे पत्र तुमचंच?”

“माझंच.”

“यात ‘मर्द गडी’ कुणाला म्हटलंय?”

“बहिणीला.”

“बहिणीला मर्द गडी म्हणतात तुमच्याकडे?”

“तुमच्या माणसाने ताई म्हणू दिलं नाही म्हणून म्हटलं.”

“म्हणजे तुम्ही खोटं लिहिलंत. मग आज खरं बोलताय कशावरून?”

माझं डोकं फिरलं, ताई. मी म्हटलं, “तुमच्या आईला तुमच्या साहेबाने उद्या काका म्हणायला लावलं तर ती काका होईल का?” न्यायाधीश म्हणाले, आवाज खाली. मी खाली केला. मग त्यांनी स्वतः विचारलं, “घरात यांना काय म्हणतात?” मी म्हटलं, “ताई. मी म्हणतो, आई म्हणते, बाबा म्हणतात. आमच्या घरात तिला कुणी दुसरं काही म्हणतच नाही.” त्यांनी ते लिहून घेतलं. पेनाचा आवाज इथवर आला. तेव्हाच मला कळलं, आपण जिंकलो.

जिंकलो की नाही? लवकर कळव. तू पलीकडे गेलीस की मला त्या बायकांच्या डॉक्टरचे आभार मानायचेत.

तुझा भाऊ


९ जून
(वकीलबाईंच्या हाती)

बारक्या,

निकाल लागला. औषध सुरू करा, असा हुकूम झाला, तो मनगटाच्या अहवालावरून. परवा पहिली गोळी मिळाली. तुरुंगाच्या त्याच डॉक्टरने दिली, तशीच मान खाली घालून. मी ती त्याच्यासमोर उभी राहून घेतली.

निकालाचा दुसरा भाग असा : ‘जवळच्या नातेवाइकाने दुजोरा दिल्यामुळे अर्जदार ही स्त्री असल्याचे मान्य करण्यात येत आहे. तिला महिला विभागात हलवावे.’

तू म्हणशील, मग नाच की. मी हे वाचलं आणि माझी कानशिलं तापली. ती वाफ गोळ्या नसण्याची नव्हती.

कळायला लागलं तेव्हापासून मी सांगतेय. बाबांचा पट्टा खाऊन सांगितलं. घर सोडून सांगितलं. अंगावर सुरी चालवून घेऊन सांगितलं. कोर्टात मोडका हात गळ्यात बांधून, उभी राहून सांगितलं. त्याच्यावर त्यांनी एक ओळ लिहिली नाही. तू पंख्याखाली बसून चार वाक्यं बोललास, ती शब्दन्‌शब्द उतरवली. आणि त्यातलं एक वाक्य धादांत खोटं. बाबा मला ताई म्हणतात? कधी? बाबा मला मेलेली धरून चाललेत. तुझं खोटं त्यांना पटलं, माझं खरं नाही पटलं, कारण तू भाऊ आहेस. तुझा राग नाही येत, असं लिहिणार होते. येतो. तुझाही येतो. तू ‘आपण जिंकलो’ लिहिलंस ना, तिथे आला.

पण त्याहून पुढचं ऐक. निकाल आल्याच्या दुसऱ्याच दिवशी तुरुंगाने फळ्यावर सूचना लावली. यापुढे ज्या बंद्याला असा अर्ज करायचा असेल त्याने जवळचा नातेवाईक हजर करावा. मास्तरीणबाईने ती सूचना मोठ्याने वाचली, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्या आणि कोठडीत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. तिच्या भावांनी तिचं नाव कधीच टाकलंय. ती कुणाला हजर करणार? तिचीही हाडं हाडंच आहेत.

म्हणून मी त्या एका ओळीविरुद्ध वरच्या कोर्टात जातेय. ‘नातेवाइकाने दुजोरा दिल्यामुळे’ हे काढा आणि ‘तिने स्वतः सांगितल्यामुळे’ असं लिहा. वकीलबाईंनी हात जोडले. म्हणाल्या, अपील चालू असेपर्यंत तुरुंगवाले तुम्हाला पलीकडे हलवणार नाहीत, महिने जातील, हौद तोच राहील. गोळ्या थांबणार नाहीत, त्या वेगळ्या हुकमावर आहेत. मी म्हटलं, मग झालं तर.

सही केलीय. तुला विचारत नाहीये, सांगतेय.

ताई


२८ जून
(वकीलबाईंच्या हाती)

ताई,

तुझं पत्र वाचून मी बंदरावर एका पोत्याला एवढं हाणलं की ते फुटलं. वेड लागलंय का तुला? दार उघडलं होतं. पाय टाकायचा होता फक्त. त्या हौदावर अजून कितीदा जाशील तू? पलीकडे जाऊन नसतं का भांडता आलं? आधी माणसाने स्वतः बाहेर पडावं, मग दुसऱ्याला हात द्यावा. मास्तरीणबाई तुझी कोण लागते?

एवढं लिहिलं आणि दोन दिवस पत्र तसंच ठेवलं. आता पुढचं लिहितो.

मी आईला फोन केला. म्हटलं, असं असं झालंय, वरच्या कोर्टात तू बोल, बाबांनाही उभं कर, म्हणजे माझं खोटं खरं होईल आणि ताईला हलवतील. आई म्हणाली, “ते बोलणार नाहीत. मी बोलेन, पण ते घरात असताना नाही.” मी म्हटलं, ठीक आहे, ते कामावर गेले की बोल, मी वेळ काढतो. ती म्हणाली, “सकाळी फोन करू नकोस, दुपारी कर. नाही, दुपारी शेजारीण असते.” तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. तुझं बाईपण आपल्या आईच्या दुपारच्या मोकळ्या वेळेवर लटकलंय. माझ्या मुकादमाच्या सुट्टीवर लटकलं होतं. मी त्या दिवशी लाईनवर थांबलो असतो तर तू बाई नव्हतीस. हे कसलं कोर्ट आहे?

मी अजूनही चिडलेलोच आहे तुझ्यावर. तू आजारी पडलीस, परत काही मोडलं, तर मी तुला कधी माफ करणार नाही, आधीच सांगतो.

पण वकीलबाईंना फोन केला. म्हटलं, माझी साक्ष काढून टाका. त्या म्हणाल्या, “अशी काढता येत नाही, आणि काढलीत तर घरच्यांबद्दल खोटं बोलल्याबद्दल तुमच्यावर खटला होऊ शकतो.” म्हटलं, होऊ दे. त्या म्हणाल्या, “मग तुमचं म्हणणं तुमच्या हाताने लिहून द्या, मी वरच्या कोर्टात दाखल करते. थोडक्यात लिहा, वाघबिघ नको.”

दिलं लिहून. वाघ नाही, दादा नाही, मी कोण लागतो तेही नाही. बाबांबद्दल बोललो ते खोटं होतं, एवढं लिहिलं, आणि खाली :

‘मी काय म्हणतो ते सोडा. तिला विचारा.’

बारक्या